एकाच गाडीवर दोघी: जाण्या-येण्याचा खर्च कसा वाटून घ्यायचा?



आपल्या गटांतल्या कितीतरी ताईंच्या दारात आता स्कूटी उभी असते. कुणी गटातून कर्ज काढून घेतली, कुणी मिरचीच्या नाहीतर कापसाच्या पैशातून. स्कूटी आली की तिच्यामागची एक जागाही आली. प्रेरिका, बँक सखी, पशु सखी, आशाताई, अंगणवाडीताई, नंदुरबार-शहाद्याला दुकानात किंवा दवाखान्यात कामाला जाणारी ताई, अशी कुणीतरी शेजारीण रोज त्याच रस्त्याने जात असते. "तू जातेच आहेस, तर मी बसते मागे," एवढ्यावर सुरुवात होते. पैशाचं बोलणं होतच नाही.

पुढे काय होतं तेही आपण पाहिलेलं आहे. दोन महिने छान जातात. मग गाडीवाली मनात म्हणते, "पेट्रोल मीच भरते, हिला कळत कसं नाही?" मागे बसणारी मनात म्हणते, "परवा मी शंभराचं टाकलं, चहा-नाश्त्याचे पैसेही मीच देते, आणखी काय करू?" तोंडाने कुणीच बोलत नाही. एक दिवस गाडीवाली अर्धा तास लवकर निघून जाते. मागे बसणारीच्या वेळेला दुसरं वाहन नसतं, तिचे खाडे पडायला लागतात आणि शेवटी कामच सुटतं. शंभर-दोनशे रुपयांची गोष्ट बोलली नाही, म्हणून एकीची मैत्रीण गेली आणि दुसरीची रोजी. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

गटात आपण दर बैठकीला रुपया-रुपयाचा हिशोब लिहितो आणि त्यामुळे आपली मनं दुखावत नाहीत. उलट हिशोब चोख असतो म्हणून गट टिकतो. दोघींच्या प्रवासालाही तोच नियम लावायचा, एवढंच या पाठात शिकायचं आहे. वही-पेन घेऊन बसा, कारण मधे थोडं गणित आहे.

1. आधी हे ठरवा: एकत्र जायचं का?

प्रत्येक वेळी एकत्र जाणं फायद्याचं असतंच असं नाही. पैशाच्या आधी चार गोष्टी बघा.

वेळ जुळते का? एकीला दहाला पोहोचायचं आणि दुसरीला साडेआठला, तर रोज कुणीतरी दीड तास वाट बघणार. सकाळ जुळते पण संध्याकाळ जुळत नाही, असं असेल तर फक्त सकाळी एकत्र जा. दोन्ही वेळा एकत्रच गेलं पाहिजे असं कुठे आहे?

गाडी चालवणारीकडे पक्कं लायसन आहे का आणि ती सांभाळून चालवते का? हा प्रश्न विचारायला अवघड वाटतो, पण मागे बसणारीचा जीव तिच्या हातात असतो. देवगोई किंवा चांदसैली घाटातून रोजचं जाणं-येणं असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं.

गाडी रोज तुमच्याच हाती असते का? घरच्यांना शेताला, बाजाराला गाडी लागत असेल तर महिन्यात किती दिवस ती मोकळी मिळेल ते आधी सांगा. घरात हे बोलून घ्या. नाहीतर सकाळी मैत्रीण दारात उभी आणि गाडी शेतात, असं होतं.

चौथी गोष्ट, तुम्हाला मनापासून जायचंय का? एखादीला एकटीनेच जायला बरं वाटतं. वाटेत मुलाला शाळेत सोडायचं असतं, माहेरी डोकवायचं असतं. "ताई, मला रोजचं जमणार नाही, पण अडीनडीला सांग, मी नेईन," असं पहिल्याच दिवशी सांगितलेलं बरं. सहा महिने धुसफुसत नेण्यापेक्षा ते जास्त मैत्रीचं आहे.

2. दुसरे पर्याय काय आहेत?

स्कूटीचा हिशोब करायच्या आधी इतर वाहनांचा करा. कारण मागे बसणारीने किती द्यावं, हे तिच्याकडे दुसरा कोणता रस्ता आहे यावर बरंचसं ठरतं.

एसटीत महिलांना अर्धं तिकीट लागतं. महिला सन्मान योजनेत ही 50 टक्के सवलत 17 मार्च 2023 पासून सुरू झाली. साधी गाडी असो की दुसरी, एसटीच्या सगळ्या प्रकारच्या बसमध्ये ती मिळते. ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती आहे, त्यामुळे नवापूर, अक्कलकुव्याकडून गुजरातेत कामाला जाणाऱ्या ताईंनी ते लक्षात ठेवावं. 75 वर्षांवरच्यांना तर 26 ऑगस्ट 2022 पासून एसटीचा प्रवास मोफतच आहे, तेव्हा सोबत आजी असेल तर तिला स्कूटीवर कशाला दामटायचं?

नवापूर, खांडबारा, नंदुरबार अशा रेल्वेच्या पट्ट्यातल्या ताईंनी रेल्वेचा मासिक पासही विचारून पाहावा. गाडीची वेळ जुळली तर त्याच्याइतकं स्वस्त काही नाही.

काळी-पिवळी जीप आडरस्त्यालाही मिळते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही आणि तिथे अर्धं तिकीट नाही. मालाच्या पिकअपमध्ये बसून कामाला जाणं मात्र पर्यायात धरूच नका. मालवाहू गाडीत माणसं भरून नेणं कायद्याने गुन्हा आहे, आणि अपघात झाला तर विम्याची भरपाई मिळताना मोठी अडचण येते.

तुमच्या रस्त्यावर एसटी वेळेवर येते, संध्याकाळी परतीचीही गाडी आहे, तर बसने जा. मैत्रीण मैत्रीणच राहील. पण 2021 च्या नोव्हेंबरपासून 2022 च्या एप्रिलपर्यंत चाललेला एसटीचा संप आठवा. तेव्हा ज्या ताईंचं आपसात ठरलेलं होतं, त्यांचं काम चालू राहिलं. म्हणून रोज बसने जात असाल तरी अडीनडीला कुणाबरोबर जायचं आणि काय द्यायचं, हे ठरवून ठेवायला हरकत नाही.

3. खरा खर्च किती?

आता गणित. खाली घेतलेले आकडे समजण्यापुरते आहेत. तुमच्या रस्त्याचे, तुमच्या गाडीचे आकडे घालून हेच गणित वहीत करा.

समजा कामाचं ठिकाण 18 किलोमीटरवर आहे. जाऊन-येऊन 36 किलोमीटर. महिन्यात 24 दिवस काम.

36 × 24 = 864 किलोमीटर.

गाडी लिटरला 45 किलोमीटर जाते असं धरू. 864 ला 45 ने भागलं की 19.2 लिटर. पेट्रोलचा भाव 105 रुपये धरला तर:

19.2 × 105 = 2,016 रुपये.

लिटरला किती जाते हे दुकानदाराने सांगितलेलं धरू नका. टाकी पूर्ण भरा, मीटरचा आकडा लिहा. चार-सहा दिवसांनी पुन्हा पूर्ण भरा. मधे जेवढे किलोमीटर झाले त्याला दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरने भागा. तो तुमचा खरा आकडा. दोघी बसल्यावर आणि चढावर तो कमी भरतो. भावही पावतीवरचाच धरा. नवापूरकडच्या ताई हद्दीपलीकडे गुजरातेत पेट्रोल भरतात, तिथे ते स्वस्त पडतं. मग हिशोबही त्याच स्वस्त भावाने व्हायला हवा.

बहुतेक जणी इथेच थांबतात आणि म्हणतात, "पेट्रोल अर्धं-अर्धं." पण गाडी फक्त पेट्रोल खात नाही. ऑइल बदलावं लागतं, टायर झिजतात, ब्रेकचे लायनर जातात, बेल्ट बदलावा लागतो. जितके किलोमीटर जास्त, तितका हा खर्च लवकर येतो. याला घसारा म्हणा. वर्षभराच्या गॅरेजच्या पावत्या एकत्र करा आणि वर्षात गाडी जितकी चालली त्या किलोमीटरने भागा. समजा किलोमीटरला 50 पैसे आले:

864 × 0.50 = 432 रुपये.

पेट्रोल आणि घसारा मिळून 2,016 + 432 = 2,448 रुपये महिन्याला. 24 दिवसांनी भागलं की दिवसाला 102 रुपये. दोघींत वाटलं की प्रत्येकीला दिवसाला 51 रुपये.

आता एक प्रश्न नेहमी येतो. गाडीचा हप्ता यात धरायचा का? धरू नये. हप्ते फिटल्यावर गाडी कुणाची होणार? जिची आहे तिचीच. मैत्रिणीने हप्ता भरायचा असेल तर गाडीतही तिचा वाटा हवा. तसंच विम्याचं. मैत्रीण मागे बसो न बसो, विमा काढावाच लागतो. जो खर्च चालण्यामुळे होतो तो वाटायचा, जो गाडी असण्यामुळे होतो तो मालकिणीचा. एवढं एक सूत्र पाठ ठेवलंत तरी निम्मे वाद होणार नाहीत.

4. 51 रुपये बरोबर आहेत का?

आता दुसऱ्या पर्यायांशी ताडून बघा. समजा त्याच रस्त्याला एसटीचं अर्धं तिकीट 16 रुपये आहे आणि काळी-पिवळीचे एका वेळचे 30 रुपये.

एसटीने दिवसाला 32, महिन्याला 768 रुपये.
स्कूटीने दिवसाला 51, महिन्याला 1,224 रुपये.
काळी-पिवळीने दिवसाला 60, महिन्याला 1,440 रुपये.

एसटी सगळ्यात स्वस्त आहे, हे मान्य करायला हवं. स्कूटीला दिवसाला 19 रुपये जास्त लागतात. त्या 19 रुपयांत काय मिळतं ते मागे बसणारीने बघावं. रोजचा तास-दीड तास वाचतो का? अंधार पडायच्या आत घरी येता येतं का? उशिरा पोहोचल्याने पगार कापला जायचा, तो वाचतो का? वाचत असेल तर 19 रुपये महाग नाहीत. बस दाराशी वेळेवर थांबत असेल तर मात्र उगाच का द्यायचे?

गाडीवालीनेही आपल्या बाजूने बघावं. ती एकटी गेली असती तर महिन्याचे 2,448 रुपये तिने एकटीनेच भरले असते. मैत्रीण बसल्यावर तिचे निम्मे, म्हणजे 1,224 रुपये वाचतात. ही काही लहान रक्कम नाही. म्हणून "मी तिच्यावर उपकार करते" हा भाव मनातून काढून टाकावा. आणि मागे बसणारीनेही "ती तर जाणारच होती, मग मी का देऊ?" असं म्हणू नये. पाऊस-उन्हात गाडी चालवण्याची मेहनत आणि जबाबदारी तिची आहे.

यातून दोन हद्दी निघतात. मागे बसणारीने तिच्या सोयीच्या दुसऱ्या वाहनाला जेवढं लागतं त्यापेक्षा जास्त देऊ नये. गाडीवालीने तिच्यामुळे जेवढा जादा खर्च होतो त्यापेक्षा कमी घेऊ नये. या दोन्हींच्या मधे जी रक्कम दोघींना पटेल ती बरोबर. ती 51 असो, 45 असो नाहीतर 40. मैत्रिणीचा पगार फारच कमी आहे म्हणून गाडीवालीने 35 घ्यायचं ठरवलं तर तेही चालेल. मात्र हिशोब करून, ठरवून, मोकळ्या मनाने कमी घ्यावं. न बोलता सोडून दिलेले पैसे मनात व्याजासकट वाढत राहतात.

5. वाटण्याच्या चार रीती

पहिली रीत, आळीपाळीने पेट्रोल. "आज तू शंभरचं टाक, पुढच्या वेळी मी." सोपी वाटते, म्हणून सगळ्यात जास्त चालते, आणि भांडणंही हिच्यातूनच सगळ्यात जास्त निघतात. कारण मधे रविवारी गाडी बाजाराला जाते, पोरगा फिरवून आणतो, आणि शंभर रुपयांचं पेट्रोल कुठे गेलं हे कुणालाच सांगता येत नाही.

दुसरी रीत, वस्तूने फेड. "तू मला ने, मी तुझ्या पोरांना संध्याकाळी सांभाळते." गावात ही रीत जुनी आहे आणि चांगलीही आहे. पण दोघींच्या मनात त्या कामाची किंमत सारखी असेल तरच ती टिकते. रोज दोन तास मुलं सांभाळणं हे 51 रुपयांपेक्षा कितीतरी मोठं काम आहे, हे विसरू नका.

तिसरी रीत, महिन्याची ठरलेली रक्कम. दर महिन्याला एक हजार, विषय संपला. रोज नेमाने जाणाऱ्या दोघींना ही बरी. खाडे जास्त होत असतील तर एकीवर अन्याय होतो.

चौथी रीत, दिवसाचा ठरलेला दर. जितके दिवस बसली तितके पैसे. फक्त सकाळी बसली तर अर्धा दर. बहुतेक ताईंना हीच रीत सोयीची पडेल. घरातल्या कॅलेंडरवर बसलेल्या दिवसाला खूण करायची, दोघींच्या घरी दोन कॅलेंडरं, महिन्याच्या शेवटी दोन्ही जुळवायची आणि पैसे देऊन टाकायचे.

मागे बसणारी अर्ध्या वाटेत बसत असेल तर फक्त एकत्र झालेलं अंतर धरा. ती कामाच्या ठिकाणापासून 12 किलोमीटरवर बसते, म्हणजे जाऊन-येऊन 24 किलोमीटर. आपल्या हिशोबात किलोमीटरला 2 रुपये 83 पैसे पडतात. 24 किलोमीटरचे झाले साधारण 68 रुपये, त्यातला तिचा अर्धा वाटा 34 रुपये. आणि तिला घ्यायला गाडीवाली मुद्दाम पाड्यात आत वळत असेल, तर त्या जादा वळशाचा खर्च पूर्ण तिचा.

चार-पाच जणी मिळून जिल्ह्याच्या बैठकीला जीप करतात तेव्हाही हेच सूत्र. समजा जीपचं भाडं 2,400 रुपये. तिघी 60 किलोमीटरवरून बसल्या, दोघी 30 किलोमीटरवरून. सगळ्यांचं अंतर मिळून 180 + 60 = 240. 2,400 ला 240 ने भागलं की किलोमीटरमागे 10 रुपये. लांबच्या तिघींना 600-600 आणि जवळच्या दोघींना 300-300. बेरीज करून बघा, 2,400 बरोबर भरतात. जीपमध्ये बसण्याआधी हे ठरवायचं, उतरताना नाही.

6. जाणं झालं नाही तर?

दोन प्रकारचे दिवस असतात. आधी सांगून न आलेला दिवस आणि न सांगता न आलेला दिवस.

आदल्या रात्री आठपर्यंत सांगितलं तर त्या दिवसाचे पैसे नाहीत. न सांगता आली नाही आणि गाडीवाली दारात थांबून गेली, तर त्या दिवसाचे पैसे द्यायचे. हाच नियम गाडीवालीलाही. तिला जायचं नसेल तर तिनेही रात्री आठपर्यंत कळवायचं, म्हणजे मैत्रीण सकाळची एसटी गाठेल. तिने कळवलं नाही आणि मैत्रिणीला काळी-पिवळीने जावं लागलं, तर त्या भाड्यातला जादा भाग गाडीवालीने सोसायचा. नियम दोघींना सारखा असला की तो टिकतो. आजारपण, मयत, लेकराला अचानक ताप, अशा वेळी नियमावर बोट ठेवायचं नाही, हेही त्याच कागदावर लिहा.

आपल्याकडे वर्षात काही मोठे खंड ठरलेले असतात. होळीचा आठवडा, भोंगऱ्या बाजार, पेरणी, कापूस वेचणी, लग्नसराई. पावसाळ्यात दरड पडून घाट बंद होतो. या दिवसांत काय करायचं ते आधीच बोलून ठेवा. दिवसाचा दर ठरलेला असेल तर या खंडांची चिंताच राहत नाही.

7. कागद, हेल्मेट आणि विमा

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण खरा धोका इथेच आहे.

दुचाकीवर चालवणारीसोबत एकीलाच बसता येतं. "तिसरी जवळच उतरणार आहे" हे कायद्यात बसत नाही आणि रस्त्यावरही परवडत नाही. हेल्मेट दोघींनाही लागतं. मागे बसणारीचं हेल्मेट तिने स्वतःचं घ्यावं.

गाडीचा विमा चालू आहे का ते कागदावरची तारीख बघून खात्री करा. नव्या दुचाकीला 2018 च्या सप्टेंबरपासून पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदम घ्यावा लागतो. त्यामुळे बऱ्याच जणी पाच वर्षं विसरून जातात आणि सहाव्या वर्षी गाडी विम्याशिवाय फिरत राहते. दुसरी गोष्ट, नुसता तृतीय पक्ष विमा असेल तर त्यात मागे बसणारीला संरक्षण मिळेल असं धरून चालू नका. त्यासाठी सर्वंकष विमा किंवा मागे बसणाऱ्या व्यक्तीचं जादा संरक्षण घ्यावं लागतं. मागे बसणारीसाठी मुद्दाम हे संरक्षण घेतलं, तर तेवढी जादा रक्कम तिने द्यावी, कारण ती तिच्यासाठीच आहे.

दोघींनीही आपल्या बँक खात्यातून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना सुरू आहे ना, हे पासबुकात बघा. वर्षाला 20 रुपये खात्यातून कापले जातात, 18 ते 70 वर्षं वयाला ती मिळते आणि अपघाती मृत्यू झाल्यास वारसाला 2 लाख रुपये मिळतात. विम्याचं वर्ष 1 जून ते 31 मे असतं. मे महिन्यात खात्यात पैसे नसले तर विमा चालू राहत नाही. बँक सखीला विचारलं तर ती लगेच बघून देईल.

आणखी एक. आपण खर्च वाटून घेतोय, भाडं कमावत नाही. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीवर भाडं घेऊन प्रवासी नेता येत नाहीत, त्याला परवाना लागतो. म्हणून वाटा खर्चाइतकाच ठेवा, त्यावर नफा धरू नका.

दंड झाला तर? ज्याची चूक त्याचा दंड. हेल्मेट नसलं तर ज्या ताईचं नव्हतं तिने भरायचा. लायसन, विमा, पीयूसी नसलं तर गाडीवालीने. वाटेत पंक्चर झालं तर अर्धं-अर्धं.

8. प्रवास भत्त्याचं काय?

काही ताईंना कामाच्या ठिकाणाहून किंवा संघाकडून प्रवास भत्ता मिळतो. दोघी एका गाडीवर गेल्या, तर बिल कसं लावायचं? सोपा नियम आहे: जो खर्च खरोखर केला तोच लावायचा, आणि ज्या वाहनाने गेलो तेच लिहायचं. स्कूटीवर जाऊन एसटीचं तिकीट दाखवणं किंवा दोघींनी पूर्ण पेट्रोल वेगवेगळं लावणं हे गटाच्याच पैशाला छिद्र पाडणं आहे. लेखापाल ताईला आधीच सांगा की आम्ही खर्च वाटून घेतो, आणि संघाच्या नियमाप्रमाणे व्हाउचर करा.

तसंच या दोघींचा हिशोब गटाच्या वहीत मिसळू नका. "माझे प्रवासाचे पाचशे तुझ्याकडे आहेत, ते माझ्या बचतीत भर," असं कधीही करायचं नाही. गटाचा पैसा गटाच्या वहीत आणि मैत्रिणीचा मैत्रिणीच्या वहीत.

9. बोलायचं कसं?

बऱ्याच जणींचं गाडं इथेच अडतं. काही वाक्यं देतो, आपापल्या बोलीत फिरवून घ्या.

मागे बसणारीने पहिल्याच दिवशी: "ताई, मी रोज तुझ्याबरोबर येणार असेन तर माझा वाटा ठरवून टाकू. म्हणजे मला संकोच वाटणार नाही."

गाडीवालीने, आधीच दोन महिने झाले असतील तर: "अगं, पेट्रोल-ऑइलचा हिशोब मी मांडून बघितला. दिवसाला दोघींत 51 रुपये पडतात. तू बघ, तुला काय जमतं ते सांग. मागचं राहू दे, या महिन्यापासून धरू."

मागचं राहू दे, हे वाक्य महत्त्वाचं आहे. जे ठरलंच नव्हतं त्याची वसुली करायला जाऊ नका.

मैत्रिणीचा हात अडचणीत असेल तर: "ताई, या महिन्यात पगार उशिरा आहे. दहा तारखेला देते." आणि दहा तारखेला द्या. जमलं नाही तर नऊ तारखेलाच सांगा.

थांबायचं असेल तर: "पुढच्या महिन्यापासून मला जमणार नाही. तोवर तू दुसरी सोय बघ." किमान पंधरा दिवस आधी सांगा. एकाएकी सोडलं तर समोरचीचं काम जाऊ शकतं.

10. वहीतलं एक पान

दोघींनी बसून एका पानावर एवढं लिहा आणि खाली दोघींची सही करा. दुसऱ्या वहीत तेच उतरवा.

कोणत्या वेळी, कुठून निघायचं आणि किती मिनिटं थांबायचं.
एका दिवसाचा दर किती आणि एका वेळचा किती.
पैसे कोणत्या तारखेला द्यायचे.
न येण्याचं किती वाजेपर्यंत कळवायचं.
पंक्चर, दंड आणि दुरुस्ती कुणाची.
विमा आणि लायसन दोघींनी पाहिल्याची तारीख.
दर पुन्हा कधी बघायचा. पेट्रोलचा भाव बदलला की, नाहीतर सहा महिन्यांनी.

गटाची पंचसूत्री आपल्याला तोंडपाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित नोंदी. त्यातल्या तीन गोष्टी इथे जशाच्या तशा लागू पडतात. महिन्यातून एकदा बसून बोला, ठरल्या तारखेला पैसे द्या आणि लिहून ठेवा.

बैठकीत चर्चेसाठी

1. आपल्या गटातून कामासाठी रोज बाहेर जाणाऱ्या ताई किती? कोणत्या रस्त्याने, कोणत्या वेळी? फळ्यावर लिहा. कुणाच्या वेळा जुळतात?

2. तुमच्या रस्त्याचं एसटीचं अर्धं तिकीट, काळी-पिवळीचं भाडं आणि स्कूटीचा निम्मा खर्च काढा. तिघांत किती फरक पडतो?

3. एक ताई एका बाजूने 10 किलोमीटर जाते, महिन्यात 25 दिवस. गाडी लिटरला 50 किलोमीटर जाते. पेट्रोल 105 रुपये, घसारा किलोमीटरला 50 पैसे. मैत्रिणीचा दिवसाचा वाटा किती? (उत्तर: दिवसाला 20 किलोमीटर, पेट्रोल 42 रुपये, घसारा 10 रुपये, एकूण 52, प्रत्येकीला 26 रुपये.)

4. मैत्रिणीकडून पैसे घेणं काही जणींना कमीपणाचं वाटतं. का वाटतं? गटात व्याज देता-घेताना तसं वाटतं का?

हा पाठ बैठकीत मोठ्याने वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तिसरं गणित खडे मांडून करून दाखवा. आणि ज्या दोघी आज एका गाडीवर बसून बैठकीला आल्या असतील, त्यांनी घरी जाण्याआधी पाच मिनिटं बाजूला बसून आपलं पान लिहून टाकावं.